विश्लेषण : परदेशातून आणलेल्या दागिन्यांवर कर किती? चाळीस ग्रॅमची सवलत नेमकी कोणाला?

दुबईच्या देरा भागातील गोल्ड सूकमध्ये घेतलेल्या चार बांगड्या. एकूण वजन ४० ग्रॅम, किंमत समजा साडेपाच लाख रुपये. अशाच बांगड्या हातात घालून तीन स्त्रिया एकाच विमानाने मुंबईत उतरतात. पहिली तिथे तीन वर्षे नोकरी करून कायमची परतली आहे. दुसरी सात महिने मुलाकडे राहून आली आहे. तिसरी चार दिवसांच्या सहलीला गेली होती. नियम काटेकोर लावले तर पहिलीला काहीच भरावे लागणार नाही, दुसरीला तीस-पस्तीस हजार रुपये आणि तिसरीला दोन लाखांच्या वर. सोने तेच, दुकान तेच, विमानही तेच. फरक आहे तो पासपोर्टवरील शिक्क्यांच्या तारखांचा.

आखातात नोकरीला असलेली माणसे रत्नागिरी, चिपळूण, खेडपासून गोव्यापर्यंत अनेक घरांत आहेत. पुणे-मुंबईहून दुबईला सुट्टीसाठी जाणाऱ्यांची संख्याही मोठी आहे. ‘बाईमाणसाला चाळीस ग्रॅम चालते’ हे वाक्य या सगळ्यांनी ऐकलेले असते. ते अर्धेच खरे आहे, आणि उरलेले अर्धे बहुतेकांना कस्टम्सच्या टेबलासमोर कळते. फेब्रुवारी २०२६ मध्ये हे नियम बदलले. त्यात काय सुधारले आणि काय तसेच राहिले?

चाळीस ग्रॅमची सवलत कोणाला?

परदेशातून येणाऱ्या प्रवाशाच्या सामानाला बॅगेज नियम लागू होतात. २०१६ च्या नियमांनुसार, एक वर्षाहून अधिक काळ परदेशात राहून परतणाऱ्या प्रवाशाला दागिने करमुक्त आणता येत. पुरुषासाठी मर्यादा होती २० ग्रॅम आणि स्त्रीसाठी ४० ग्रॅम. परंतु त्याला दुसरी अट जोडलेली होती. पुरुषाच्या दागिन्यांची किंमत ५० हजार रुपयांपेक्षा आणि स्त्रीच्या दागिन्यांची एक लाख रुपयांपेक्षा जास्त असता कामा नये. वजन आणि किंमत या दोन्ही मर्यादा पाळायच्या असल्याने जी आधी ओलांडली जाईल तीच खरी मर्यादा ठरे.

फेब्रुवारी २०२६ च्या सुरुवातीपासून लागू झालेल्या नव्या नियमांनी किमतीची अट काढून टाकली. आता स्त्री प्रवाशाला ४० ग्रॅम आणि इतरांना २० ग्रॅम, एवढेच वजन पाहिले जाते. एक वर्षाहून अधिक काळ परदेशात वास्तव्य ही अट मात्र कायम आहे. आठवडाभराच्या सहलीवरून परतणारी व्यक्ती या सवलतीत कधीच बसत नव्हती आणि आजही बसत नाही.

आणखी एक गैरसमज बिस्किटे आणि नाण्यांबाबत आहे. ही सवलत दागिन्यांसाठी आहे. सोन्याचे बिस्किट, वळे किंवा नाणे एक ग्रॅमचे असले तरी ते त्यात मोजले जात नाही. प्रवाशाला इतर वस्तूंसाठी जी सर्वसाधारण करमुक्त सवलत मिळते, तिच्यातूनही दागिन्यांखेरीज अन्य रूपातील सोने-चांदी वगळलेली आहे.

किमतीची अट का निरुपयोगी ठरली?

या अटीचा इतिहास पाहिला की नियमाचे दुखणे लक्षात येते. १९९१ मध्ये ही मर्यादा पुरुषांसाठी १० हजार आणि स्त्रियांसाठी २० हजार रुपये होती. तेव्हा दहा ग्रॅम सोन्याचा भाव साडेतीन हजारांच्या आसपास होता. म्हणजे २० हजारांत सुमारे ५७ ग्रॅम, जवळपास पाच तोळे सोने येत होते. एका सुनेच्या अंगावरील नेहमीच्या दागिन्यांना ते पुरेसे होते.

पुढची २२ वर्षे हा आकडा हलला नाही. २०१३ च्या अर्थसंकल्पात तत्कालीन अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी तो ५० हजार आणि एक लाखावर नेला, तेव्हा सोन्याचा भाव दहा ग्रॅमला ३० हजारांच्या घरात पोहोचला होता. जुन्या २० हजारांत तेव्हा जेमतेम सहा-सात ग्रॅम येत होते.

२०१६ च्या नियमांनी रुपयांची मर्यादा तशीच ठेवून वजनाची अट जोडली. त्या वेळी ४० ग्रॅम सोन्याची किंमत लाखाच्या थोडी वर जात होती, त्यामुळे दोन्ही अटी एकमेकींशी साधारण जुळत होत्या. पुढे एप्रिल २०२५ मध्ये दहा ग्रॅमच्या भावाने लाखाचा टप्पा गाठला आणि स्त्रीची सवलत कागदावर ४० ग्रॅम असली तरी प्रत्यक्षात १० ग्रॅमवर आली. २०२६ च्या सुरुवातीला भाव दीड लाखाच्या आसपास असताना ती पुन्हा सहा-सात ग्रॅमवर घसरली होती. पुरुषाच्या वाट्याला तर तीन ग्रॅमची अंगठी उरली होती.

म्हणजे १९९१ ची मर्यादा २०१३ मध्ये जिथे पोहोचली, तिथेच २०१३ ची मर्यादा २०२६ मध्ये पोहोचली. दोन्ही वेळा सवलत सहा-सात ग्रॅमपर्यंत आक्रसल्यानंतरच नियम बदलला. सोन्याचा भाव रोज बदलत असताना त्यावरील मर्यादा रुपयांत गोठवून ठेवली, तर कोणताही आदेश न काढता ती आपोआप कडक होत जाते. कालपर्यंत नियमात बसणारा माणूस काहीही न करता नियमभंग करणारा ठरतो.

एक वर्ष पूर्ण झाले नसेल तर?

इथे दुसरी, कमी परिचित तरतूद उपयोगी पडते. भारतीय वंशाची किंवा भारतीय पासपोर्ट असलेली व्यक्ती किमान सहा महिने परदेशात राहून परतत असेल, तर तिला एक किलोपर्यंत सोने सवलतीचे शुल्क भरून आणता येते. त्या सहा महिन्यांत मधे भारतात फेऱ्या झाल्या असल्या तरी त्यांचे एकूण दिवस तीसपेक्षा जास्त नसतील आणि त्या फेऱ्यांत ही सवलत घेतलेली नसेल, तर पात्रता टिकते. यात दागिन्यांबरोबर बिस्किटेही चालतात. त्यांच्यावर मात्र उत्पादकाचा अनुक्रमांक कोरलेला असावा, अशी अपेक्षा असते. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात सोन्यावरील आयात शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणण्यात आले आणि पात्र प्रवाशाचे ओझेही त्यानुसार हलके झाले.

या तरतुदीत दोन खाचखळगे आहेत. पहिला म्हणजे शुल्क परकीय चलनात भरावे लागते. दिरहम किंवा डॉलर आधीच रुपयांत बदलून घेतले असतील तर ऐनवेळी धावपळ होते. दुसरा खाचखळगा मराठी घरांना जास्त जाणवणारा आहे. खडे किंवा मोती जडवलेले दागिने या सवलतीच्या शुल्कात येत नाहीत. त्यामुळे साध्या सोन्याच्या बांगड्या किंवा गोफ यात बसतो, पण मोत्यांची नथ, तन्मणी किंवा हिऱ्याच्या कुड्या बसत नाहीत.

सहलीवरून येणाऱ्याचे काय?

जो ना वर्षभर राहिला ना सहा महिने, त्याच्यासाठी सामानातील करपात्र वस्तूंचा सर्वसाधारण दर उरतो. बरीच वर्षे ही आकारणी ३५ टक्के मूळ शुल्क आणि त्या शुल्काच्या १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे एकूण ३८.५ टक्के अशी होत आली आहे. पाच लाखांच्या दागिन्यावर ही रक्कम १ लाख ९२ हजार ५०० रुपये होते.

आता दुबईत सोने स्वस्त का पडते ते पाहू. भारतातील भावात आयात शुल्क मिसळलेले असते आणि दागिना घेताना त्यावर ३ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. संयुक्त अरब अमिरातीत १ जानेवारी २०१८ पासून ५ टक्के मूल्यवर्धित कर आहे, पण पर्यटकाला देश सोडताना त्यातील मोठा भाग परत मिळतो. हे सगळे धरून दोन्हीकडच्या किमतींतील फरक सामान्यतः दहा टक्क्यांच्या आतच राहतो. घडणावळ कुठे किती लावली, यावर त्यातलेही काही कमी-जास्त होते.

दहा टक्क्यांची बचत आणि ३८.५ टक्क्यांचा कर. कागद-पेन घेऊन हिशेब केला तर सहलीला जाणाऱ्याने प्रामाणिकपणे कर भरून दुबईहून दागिना आणणे हा तोट्याचा व्यवहार आहे. बचत होते ती फक्त कर चुकवला तरच. ‘अंगावर घालून ये, कोण विचारतो’ हा सल्ला त्यातूनच जन्मतो. जुलै २०२४ च्या शुल्ककपातीमागे चोरट्या आयातीतील नफा कमी करणे हाही विचार होता. ती कपात सराफाकडे जाणाऱ्या सोन्याला आणि सहा महिने राहून आलेल्या प्रवाशाला लागू झाली. सहलीवरून येणाऱ्याचा दर आणि व्यापारी आयातीचा दर यांच्यातील दरी मात्र त्यामुळे उलट रुंदावली. पूर्वी १५ विरुद्ध ३८.५ असलेला फरक ६ विरुद्ध ३८.५ झाला.

भारतातूनच घालून गेलेल्या दागिन्यांचे काय?

सर्वांत जास्त मनस्ताप होतो तो इथे. पुण्याहून मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला गेलेली आई परत येते, तेव्हा तिच्या अंगावर तिचेच मंगळसूत्र आणि पाटल्या असतात. त्यावर आयात शुल्क लागत नाही, कारण ते तिचे वापरातील वैयक्तिक सामान आहे. पण हे दागिने जुने आणि तिचेच आहेत हे ओळखायचे कसे, हा प्रश्न काउंटरवरील अधिकाऱ्यापुढे असतो. सीमाशुल्क कायद्याच्या १२३ व्या कलमानुसार, चोरटे असल्याच्या वाजवी संशयावरून सोने जप्त झाले तर ते चोरटे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी ज्याच्याकडे ते सापडले त्याच्यावर असते.

न्यायालयांनी या बाबतीत प्रवाशांची बाजू बऱ्याचदा उचलून धरली आहे. पर्यटकाने अंगावर वापरण्यासाठी आणलेले दागिने वैयक्तिक सामानात मोडू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये एका प्रकरणात मान्य केले. त्यानंतर २०२४ आणि २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे अशा याचिकांची रांग लागली. कोणाच्या बांगड्या, कोणाची साखळी, कोणाचे लग्नातले दागिने अडकून पडले होते. न्यायालयाने ‘दागिने’ आणि ‘वापरातील वैयक्तिक दागिने’ यांत फरक केला आणि २०१६ च्या मर्यादा सोन्याच्या बदललेल्या भावाशी विसंगत झाल्याचे सांगत त्यांचा फेरविचार करण्यास सुचवले. २०२६ च्या बदलामागे हा दबावही होता.

याच निकालांतून आणखी एक गोष्ट पुढे आली. दागिने ताब्यात घेताना प्रवाशाकडून एका छापील मजकुरावर सही घेतली जात होती. ‘मला कारणे दाखवा नोटीस नको, सुनावणी नको’ अशा आशयाचा तो मजकूर असे. रात्रभराच्या प्रवासाने थकलेला माणूस न वाचता सही करून मोकळा होई आणि नंतर आपली बाजू मांडण्याचा हक्कच गमावून बसे. असा छापील नकार कायद्याला धरून नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने स्पष्ट केले. कायद्यानुसार जप्तीनंतर सहा महिन्यांत नोटीस देणे बंधनकारक आहे. ही मुदत आणखी सहा महिने वाढवता येते, पण तोवर नोटीस निघाली नाही तर वस्तू परत करावी लागते.

कर न सांगता निघून गेल्यास काय होते?

विमानतळावर दोन वाटा असतात. करपात्र काहीच नसणाऱ्यांसाठी ग्रीन चॅनेल आणि सामान जाहीर करायचे असणाऱ्यांसाठी रेड चॅनेल. ग्रीन चॅनेलमधून पाऊल टाकणे म्हणजे ‘माझ्याकडे करपात्र काही नाही’ असे जाहीर करणेच होय. तिथे अडवल्यावर ‘विचारले असते तर सांगितले असते’ हे उत्तर चालत नाही. दागिने जप्त होऊ शकतात आणि वेगळा दंडही होतो. सोन्याच्या आयातीच्या अटी मोडल्या गेल्या असतील तर ते ‘प्रतिबंधित’ माल मानले जाऊ शकते. तसे झाले तर रक्कम भरून ते सोडवू द्यायचे की नाही, हे अधिकाऱ्याच्या विवेकावर राहते. मग प्रश्न कराचा राहत नाही, दागिनाच हातचा जातो.

रेड चॅनेलमध्ये जाऊन सांगितले तर गुन्ह्याचा प्रश्नच येत नाही. पात्रता पाहिली जाते, वजन होते, शुल्क ठरते आणि पावती मिळते. जाहीरनामा ज्या दिवशी केला त्या दिवशीचा दर लागू होतो. त्यामुळे निघण्यापूर्वी केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावर चालू दर पाहणे शहाणपणाचे. परदेशात राहणारी व्यक्ती थोड्या दिवसांसाठी येत असेल आणि दागिना परत नेणार असेल, तर तो जाहीर करून कस्टम्सच्या ताब्यात ठेवण्याची आणि जाताना परत घेण्याची सोयही कायद्याच्या ८० व्या कलमात आहे.

प्रवाशाने काय जवळ ठेवावे?

भारतातून मौल्यवान दागिने घालून जाणाऱ्याने निघतानाच विमानतळावरील कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घेतले, तर परतताना वाद उरत नाही. त्यासाठी विमानाच्या वेळेआधी तासभर जास्त हाताशी ठेवावा लागतो, म्हणून बहुतेक जण ते टाळतात. ते शक्य नसेल तर सराफाचे जुने बिल, मूल्यांकनाचा दाखला किंवा दागिने स्पष्ट दिसतील असा लग्नाकार्यातला जुना फोटो फोनमध्ये असावा.

परदेशात खरेदी केलेल्या दागिन्याचे मूळ बिल सामानात न टाकता हातातील पिशवीत ठेवावे. त्यावर वजन, कॅरेट आणि घडणावळ वेगवेगळी लिहून घ्यावी. वास्तव्याच्या पुराव्यासाठी पासपोर्टवरील शिक्के, निवासी व्हिसा किंवा नोकरीचे पत्र उपयोगी पडते. वर्ष पूर्ण व्हायला आठ-दहा दिवस कमी असतील आणि दागिने बरोबर असतील, तर तिकीट पुढे ढकलणे स्वस्त पडू शकते. आणि कितीही घाई असली, तरी न वाचता कोणत्याही कागदावर सही करू नये. वस्तू ताब्यात घेतल्याची वजन आणि वर्णनासह पावती मागावी.

नव्या नियमाने प्रश्न सुटला का?

एक मोठा भाग सुटला. वजनावर आधारलेली मर्यादा भाव वाढला तरी आक्रसत नाही. तीन वर्षे राबून परतणाऱ्या परिचारिकेला आपल्या मंगळसूत्राची रुपयांतील किंमत काढत बसावे लागणार नाही. याची दुसरी बाजूही आहे. भाव वाढेल तशी सरकारने सोडलेली रक्कमही वाढत जाते. दीड लाखाच्या भावाने ४० ग्रॅम म्हणजे सहा लाखांचे सोने करमुक्त येते. भारत आपल्या गरजेचे जवळजवळ सगळे सोने आयात करतो आणि त्यासाठी परकीय चलन मोजतो. २०१३ मध्ये चालू खात्यातील तूट वाढली तेव्हा सोन्यावरील शुल्क त्याच वर्षात ६ वरून १० टक्क्यांवर गेले होते. तशी वेळ पुन्हा आली तर प्रवाशांच्या सवलतीकडेही नजर वळू शकते.

सुटला नाही तो काउंटरवरचा प्रश्न. दागिना जुना की नवा, आपला की दुसऱ्यासाठी आणलेला, हे ठरवण्याची सोपी पद्धत अजून नाही आणि ते सिद्ध करण्याचे ओझे प्रवाशाच्याच खांद्यावर आहे. तोळ्याचा हिशेब सरकारने दुरुस्त केला. आईच्या हातातील पाटल्या तिच्याच आहेत हे मान्य करून घेण्यासाठी मात्र आजही जुना फोटो शोधावा लागतो.